अण्णा रडले तो रविवार

आमच्या चाळीत रडणारा पुरुष एकच होता, तावडेकाका. घाटकोपरच्या डोंगरावर, अर्ध्या चढावर, समोरासमोर बैठ्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या. आमची खोली आणि तावड्यांची खोली यांच्यामध्ये एकच विटेची भिंत होती आणि तीही वरच्या पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. बांधणाऱ्याच्या विटा संपल्या की उत्साह, कोण जाणे, पण वर हातभर जागा मोकळी राहिली होती. त्या जागेतून त्यांच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आमच्याकडे यायचा आणि आमच्या सुकटीचा, ठेच्याचा खकाणा त्यांच्याकडे जायचा. त्यांच्या घरात कोण खोकलं, कोण कुणावर चिडलं, दूध उतू गेलं, सगळं आम्हाला कळायचं, आणि काका रडायला लागले की तेही कळायचं. गिरणी सुटल्यावर ते खाली स्टेशनजवळच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले होते. अंगाने आडदांड, मिशा भरघोस, आवाज असा की चढाच्या पायथ्याशी हाक मारली तर वर ऐकू यायची. आणि हा माणूस गणपती पाण्यात सोडून आला की दोन दिवस रडायचा. गावाहून पत्र आलं की वाचायच्या आधी रडायचा. एकदा मांजराने कोंबडीची पिल्लं नेली तेव्हा उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडला होता. त्यांच्या सुनंदाच्या लग्नात तर नवरीलाच बापाची समजूत काढावी लागली, आणि तो प्रसंग चाळीतल्या बाया पुढे वर्षभर एकमेकींना करून दाखवत होत्या.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांचा मनापासून तिटकारा होता. समोर ते काही बोलायचे नाहीत, पण पलीकडे हुंदका ऐकू आला की हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायचे, "हा माणूस आहे का नळ?" आई पदराआड हसायची. मी आणि ताईही हसायचो.

अण्णा अंधेरीला औद्योगिक वसाहतीत काचेच्या कंपनीत भट्टीवर होते. औषधाच्या बारीक बाटल्या तिथे व्हायच्या. भुवयांचे केस कायम अर्धे जळालेले, हाताला भाजल्याचे डाग. पण घरी येताना कपडे बदलून, केस ओले करून भांग पाडून यायचे. वस्तीत त्यांना मान होता. कुणाचं भांडण, कुणाच्या शाळेचा दाखला, कुणाचं लग्न जमवायचं, लोक अण्णांकडे यायचे. विहारात वंदना तेच सांगायचे, कारण त्यांचा आवाज कधी कापायचा नाही. न रडण्याबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी शाळेत मार खाऊन रडत आलो होतो म्हणून. साताऱ्याकडच्या आमच्या गावात दुष्काळाच्या साली त्यांचे वडील, माझे आजोबा, पाटलाच्या वाड्यासमोर जोंधळ्यासाठी हात जोडून उभे राहिले आणि रडले. अण्णा तेव्हा सात वर्षांचे, बापाचं धोतर धरून उभे होते. ओसरीवरचे लोक हसले आणि मग जोंधळे दिले. अण्णा म्हणाले, "आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या रडून मागितलं. आता मागायचं नाही आणि रडायचं तर नाहीच. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. आज मला वाटतं, त्या माणसाची सगळी ताकद त्या एका वाक्यातून आली होती, आणि आमच्या घराची वाटही त्याच वाक्याने लावली.

ताईचं नाव कुसुम. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नववीनंतर तिची शाळा सुटली, पण माझी गणितं तीच सोडवायची, तीही भाकऱ्या थापता थापता, पिठाच्या हाताने परातीच्या कडेवर आकडे काढून. तिच्या भाकरीचा आवाज वेगळा होता. आईचे हात जड, थप थप पडायचे. ताईचे भरभर, टाळ्या वाजवल्यासारखे. तव्यावर करपलेला पापुद्रा ती स्वतःसाठी राखून ठेवायची आणि मी मागितला तर म्हणायची, "पहिल्यांदा पाढा म्हण." सुनंदा तिच्याच वयाची. दोघींची गट्टी त्या भिंतीवरून चालायची. आमच्या बाजूला पत्र्याची पेटी आणि त्यांच्या बाजूला स्टूल. दोघी वर चढल्या की डोकी भिंतीच्या वर दिसायची, आणि इकडून तिकडे वाट्या जायच्या. सोलकढी इकडे, पुरणपोळी तिकडे. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली. सुनंदा मुलुंडला गेली, ताई मालाडला.

मालाडचं स्थळ अण्णांच्या थोरल्या भावाने आणलेलं. मुलगा एका ऑफिसात शिपाई, नात्यातला, दिसायला बरा. त्याला मी दाजी म्हणायचो. ताई पहिल्यांदा परत आली ती लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी. दंडावर वळ होते. तिने ते आईला दाखवले, आईने अण्णांना सांगितलं. आमच्याकडे मुली बापाशी थेट बोलत नसत, सगळं आईमार्फत. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की सुरुवातीला असं होतं, दोघांनी समजून घ्यायचं, मी त्याच्याशी बोलतो. बोललेही. मालाडला जाऊन दाजींना शांतपणे चार गोष्टी सांगून आले, दाजींनी पायाला हात लावला. ताई दुसऱ्यांदा आली तेव्हा वळ नव्हते, पण ती निम्मी झाली होती. सासू पहाटेपासून कामाला लावते, दुपारी जरा आडवी झाले तर पाणी ओतते, असं ती आईला सांगत होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. त्यांनी पुन्हा पाठवली. मी दहावीत होतो, मलाच सोडायला जावं लागलं.

मी अण्णांची बाजू मांडत नाही, पण ते दुष्ट नव्हते हे लिहिलं पाहिजे. त्यांना खरंच वाटायचं की सोसल्यावर दिवस पालटतात. त्यांचे स्वतःचे पालटले होते. शिवाय ज्या माणसाने वस्तीतल्या दहा घरांत "मुलीला नांदायला पाठवा" असं सांगितलं, त्याने स्वतःची मुलगी घरी ठेवली तर लोक काय म्हणतील, हेही होतंच. आई त्यांना उलट बोलायची नाही. एकदाच म्हणाली, राहू दे चार दिवस. अण्णा म्हणाले, चार दिवसांचे चार महिने होतात.

तिसऱ्यांदा ती आली ते पावसाळा सरल्यावर. न सांगता आली, एकटी, हातात नुसती कापडी पिशवी. डोळ्यांखाली काळं, अंगात कणकण. आल्या आल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. जाग आली तेव्हा म्हणाली, "तिथं झोपूच देत नाहीत गं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी आईला सांगितलं की उद्या विजय, म्हणजे मी, तिला सोडून येईल. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ती उठायच्या आत, ते पहिल्या पाळीला निघून गेले. मला वाटतं, तिच्या तोंडाकडे बघायचं त्यांना टाळायचं होतं. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की त्या दिवशी साडेतीनला खालच्या मैदानावर आमची मॅच आहे आणि मला तोवर मालाडहून परत यायचंय.

आईने तिला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, पिशवीत चटणीचा डबा आणि लसणीचे दोन गड्डे घातले. आम्ही घाटकोपरहून बसने अंधेरीला आलो. तिथे बस बदलायची होती. ताई सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होती, एकदाही डोळा मिटला नाही. अंधेरीला उतरल्यावर म्हणाली, "विज्या, उसाचा रस पिऊ या?" रसवंतीच्या बाकड्यावर आम्ही बसलो. घुंगरांचा आवाज चालू होता. तिने ग्लास हातात धरला होता पण पीत नव्हती. मग म्हणाली,

"अण्णांची कंपनी इथनं जवळच ना?"

"आहे की. चालत वीस मिनिटं."

"चल, गेटवर जाऊ. त्यांना बाहेर बोलवू. मी सांगते त्यांना."

"काय सांगणार?"

"मीच सांगते. आईनं सांगितलं की त्यांना ते खरं वाटत नाही. मी समोर उभं राहून म्हणते, एकदा राहू द्या."

मी घड्याळाकडे बघितलं. रसवंतीच्या भिंतीवर होतं, साडेबारा झाले होते. कंपनीच्या गेटवर जायचं, वॉचमनला विनवायचं, अण्णांना भट्टीवरून बोलवायचं, चार लोकांसमोर ती बोलणार, अण्णा भडकणार, ते तिच्यावर नाही, माझ्यावर. आणि मॅच. खरं सांगायचं तर मॅच पहिली आली मनात. मी म्हणालो, कामावर गेलेलं अण्णांना आवडत नाही, उशीर होईल, चल. ती म्हणाली, अजून थोडं बसू. मी म्हणालो, ताई, चल ना यार. तिने रस तसाच ठेवला आणि उठली. बसमध्ये चढताना म्हणाली, "मग तू सांग घरी गेल्यावर. सांगशील ना?" मी हो म्हणालो.

मालाडला गल्लीच्या तोंडाशीच मी परत फिरलो. घरापर्यंतही गेलो नाही. मॅच आम्ही जिंकलो. मी तेवीस धावा काढल्या, आज सेहेचाळीस वर्षांनी तो आकडा मला पाठ आहे. संध्याकाळी घरी आलो तर अण्णा शांत होते, आईने गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले. अण्णांनी विचारलं, पोचवलीस? मी हो म्हणालो. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मूड नव्हता. तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. आठवड्याने ती गोष्ट इतकी शिळी झाली होती की आता काढली तर "इतके दिवस का नाही सांगितलं" हे ऐकावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. मी पुष्कळ शोधलं.

दीड महिन्याने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात फोन आला. ताईला कावीळ झाली होती. पंधरा दिवस तिच्या सासरी झाडपाला चालू होता आणि घरकामही चालू होतं. पार अंथरुणाला खिळल्यावर इस्पितळात नेली. आम्ही गेलो तेव्हा ती हळदीसारखी पिवळी पडली होती आणि कुणाला ओळखत नव्हती. आई तिच्या कानाशी बोलत राहिली. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, दोन्ही हात गजावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. एकवीस वर्षांची होती.

अंत्यविधीला सगळी वस्ती मालाडला आली होती. त्रिशरण, पंचशील अण्णांनीच म्हटलं. भंतेजी होते, पण अण्णांनी खूण केली, मी म्हणतो. आवाज कापला नाही. एकही शब्द अडखळला नाही. आई दोन बायांच्या हातात लोंबकळत होती. तावडेकाका गर्दीच्या मागे झाडाला धरून मोठ्याने रडत होते, तेवढा एकच पुरुषी आवाज होता रडण्याचा. परत येताना लोक म्हणाले, मन घट्ट आहे हो तुमच्या वडिलांचं, वाघ आहे. मलाही अभिमान वाटला. मीही रडलो नव्हतो. मी अण्णांच्या शेजारी, त्यांच्यासारखाच हात बांधून उभा होतो.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही. आवाज होतेच. नळावरचं भांडण, तावड्यांची कढई, खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला. पण आमच्या खोलीत कुणी बोलायचं नाही. आई स्वयंपाक करायची, वाढायची, भांडी घासायची. अण्णा कामावर जायचे, यायचे. वर्तमानपत्र हातात धरून बसायचे पण पान उलटायचे नाहीत. लोक भांडणं घेऊन यायचे, ते सांगायचे, दुसऱ्या कुणाकडे जा. विहारात जाणं बंद केलं. भाकरीचा तो भरभर आवाज बंद झाला होता आणि आईच्या जड हातांचा आवाज सुरू झाला की अण्णा उठून बाहेर जायचे, चढाच्या टोकाशी दगडावर जाऊन बसायचे. मला रात्रंदिवस भीती वाटायची की कुणी तरी मला विचारेल. कुणी विचारलं नाही.

चार-पाच महिने असेच गेले. मग तो रविवार आला. सकाळचे अकरा वाजले असतील. आईने पाव किलो मटण आणलं होतं, ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. अण्णा लवकर जेवायला बसले होते. मीही समोर बसलो होतो. पलीकडे तावड्यांच्या दारात पावलं वाजली आणि काकूंचा आवाज आला, "गो, तू एकटीच? जावई खय?" मग सुनंदाचा आवाज. ती काय बोलली ते नीट कळलं नाही, कारण रडतच बोलत होती, पण "परत नाही जाणार" एवढं कळलं. आणि "मारतात" हा शब्द कळला. पुढे काकू तावातावाने बोलू लागल्या. संसारात असं चालतंच, धाकटीचं लग्न व्हायचंय, लोकांका काय सांगूचा. आमच्या घरात कोणीच जेवत नव्हतं. आईचा पळीचा हात कालवणाच्या पातेल्यात तसाच होता. मला वाटत होतं, आता काका रडायला लागतील.

काका रडतच होते. आवाजावरून कळत होतं. पण रडत रडत ते बोलले आणि त्यांचं बोलणं भिंतीवरच्या त्या हातभर जागेतून एकेक शब्द सुटा सुटा करून आमच्या खोलीत आलं.

"लोकांका काय सांगूचा? चेडू माझा. ता हयच ऱ्हवतला. मी जितो आसय अजून." मग नाक ओढून, "आधी तेका चाय दी."

बस. एवढंच. पलीकडे स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. सुनंदाचं रडणं हळूहळू कमी झालं आणि काकूही गप्प झाल्या. कुठे काही कोसळलं नाही. एक मुलगी घरी आली आणि बापाने तिला ठेवून घेतली. चहाला उकळी येईपर्यंत सगळं ठरूनही गेलं होतं.

अण्णांचा हात ताटात होता. भाकरीचा तुकडा बोटांत तसाच. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या गालांवरून पाणी खाली येत होतं आणि ताटात पडत होतं. पहिल्यांदा मला वाटलं, तिखट लागलं. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, माणसाचा वाटलाच नाही, जड पेटी फरशीवरून ओढल्यासारखा होता. त्यांना रडायची सवय नव्हती. रडताना श्वास कधी घ्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. ते गुदमरायला लागले, मी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. उष्ट्या हाताने त्यांनी तोंड झाकून घेतलं, सगळ्या तोंडाला कालवण लागलं, आणि ते तसेच पुढे वाकून रडत राहिले. पलीकडे सगळं ऐकू जात असणार.

आई त्यांच्याजवळ गेली नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि पाठमोरी उभी राहून अगदी हळू म्हणाली, "एवढंच तर करायचं होतं, अहो."

त्यात राग नव्हता. राग असता तर अण्णांना बरं वाटलं असतं असं मला अजून वाटतं.

आता मी मुलुंडला सातव्या मजल्यावर राहतो. भिंती जाड आहेत, शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळतं. माझी मुलगी अंधेरीला नोकरी करते, अण्णांची कंपनी होती त्याच वसाहतीत आता काचेच्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत. मध्यंतरी तिचं नवऱ्याशी बिनसलं तेव्हा तिने फोन केला, मी काही दिवस येऊ का. मी इतका घाईने हो म्हणालो की ती हसली, म्हणाली, "पप्पा, ऐकून तरी घ्या." ती दहा दिवस राहिली, दोघांचं मिटलं, गेली. बायको म्हणते, त्या दहा दिवसांत तुम्ही रोज बाथरूममध्ये जाऊन रडत होता, काय झालं होतं एवढं? मी तिला काय सांगणार. पुरुष कशाने रडतात असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, मरणाने नाही. मरणापुढे हात बांधून उभं राहता येतं, मी राहिलोय. जे सहज करता आलं असतं ते दुसऱ्या कुणी करताना दिसलं, की मग उभं राहता येत नाही.

त्या रविवारनंतरच्या रविवारी अण्णा सकाळीच तयार झाले आणि मला म्हणाले, चल मालाडला. मला वाटलं, भांडायला चाललेत. दाजींच्या दारात पोचलो तर आत एक नवी बाई होती. दाजींनी दुसरं लग्न केलं होतं, आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, हातातल्या हिरव्या बांगड्या अजून नव्या. ती आमच्यासाठी पाणी घेऊन आली. दाजी आणि त्यांची आई कॉटवर बसून आम्ही काय म्हणतो याची वाट बघत होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तिला विचारलं की बाई, तुझं माहेर कुठलं. ती म्हणाली माहुल, तेलाच्या कंपन्यांच्या मागं. आईबाप आहेत का, असं विचारलं तर म्हणाली, आहेत.

"इथं त्रास झाला तर घरी जा," अण्णा म्हणाले. "त्यांनी परत पाठवलं तर माझ्याकडे ये. घाटकोपरला डोंगरावर विहाराच्या मागची चाळ, काचकंपनीवाले अण्णा कुठं राहतात म्हणून कुणालाही विचार. मी परत पाठवणार नाही."

बोलताना ते रडत होते. कुणापासून लपवतही नव्हते. ती मुलगी घाबरून भिंतीला टेकली. दाजी उठले, अण्णांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं, आणि गल्लीतल्या लोकांसमोर म्हणाले की म्हातारा येडा झालाय. अण्णांनी हात सोडवूनही घेतला नाही. मी मध्ये पडलो तर म्हणाले, जाऊ दे.

ती मुलगी कधी आली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आई वर्षभर एक ताट जास्तीचं घासून ठेवायची, मग तेही बंद झालं. अण्णा त्यानंतर एकवीस वर्षं जगले आणि कशानेही रडायचे. कुणाची मुलगी पास झाली तरी, रस्त्यात कुणी पोरीला खांद्यावर घेऊन जाताना दिसला तरी. नव्या लोकांना वाटायचं, वयामुळे. शेवटपर्यंत त्यांनी वस्तीतला एकही वाद सोडवला नाही आणि विहारात पुढे उभे राहिले नाहीत. तावडेकाकांशी मैत्री झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. काका समोर आले की अण्णा मान खाली घालायचे. सुनंदा त्याच घरात राहिली, शिवणाच्या क्लासला जाऊ लागली, आणि संध्याकाळी तिच्या मशीनचा आवाज भिंतीवरून यायला लागला की अण्णा चढाच्या टोकाला जाऊन बसायचे.

त्या दिवशी मालाडहून येताना आम्ही अंधेरीला बस बदलायला उतरलो. स्टॉपवर सावली नव्हती. अण्णा खांबाला टेकून उभे होते, डोळे सुजलेले, शर्टाची बाही ओली. समोर रस्त्यापलीकडे तीच रसवंती होती, मी मुद्दाम तिकडे पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ बस आली नाही. मग त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

"शेवटची तूच सोडलीस तिला. जाताना काही म्हणाली का रे?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. गेटवर यायचं म्हणत होती, अण्णा. तुमच्यापासून वीस मिनिटांवर होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला वाटलं, हे ऐकून हा माणूस इथेच रस्त्यावर पडेल. तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं की मी त्यांना वाचवतोय.

"नाही, अण्णा," मी म्हणालो. "काही नाही म्हणाली. बसमध्ये झोपली होती."

"झोपली होती?"

"हो. मालाडपर्यंत."

त्यांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली. मग बाहीने डोळे पुसत म्हणाले, "बरं झालं. तेवढी तरी झोप मिळाली तिला."